ताकातले थेंब

ताकाला दिलेल्या जिऱ्याच्या फोडणीचा वास आला की आमच्या मनोरुग्ण विभागातली ती दुपार आठवते. पिशोरहून आणलेला एक जण खाटेवर आरडाओरडा करत होता. डॉक्टरांनी त्याला शांत करायचं इंजेक्शन सांगितलं, तेव्हा आज काही औषध दिलंय का, असं मी खाटेपाशीच त्याच्या आईला विचारलं. "नाय," ती म्हणाली. मी सिरिंज भरायला बाहेर आले तर ती मागोमाग आली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, सकाळी ताकात औषधाचे थेंब टाकलेत, लई पडले. त्याच्यापुढं नका बोलू, माझ्या हातचं खायचा नाय." मी तशीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्तदाब पाहिला, तो उतरला होता, आणि इंजेक्शन थांबवलं. संध्याकाळी शांत झाल्यावर त्यानं आईकडे पाणी मागितलं आणि तिच्या हातूनच प्यायला. तेव्हापासून हा प्रश्न मी दाराबाहेरच विचारते.