एका जाळावरची मडकी

म्हात्रेमॅडम सरकारी बैठकीला आल्या की पिशवीत वालाच्या शेंगा असायच्या. चर्चा अडली की त्या निवडायला घ्यायच्या. म्हणायच्या, "तुमचा मेळ बसेपर्यंत माझ्या शेंगा तरी निवडून होतात."

त्या रोह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. शाडूच्या मूर्ती पावसाळी हवेत वाळत नाहीत, तडकतात. म्हणून पेणजवळच्या जोह्यातले गणपतीचे कारखाने प्लास्टर वापरतात. मॅडमनी मंद उष्णतेवर मूर्ती वाळवायची पद्धत बसवली होती. चाचण्यांना निधी केंद्राचा, शेडला जिल्ह्याचा, आणि वाळवणीच्या यंत्राला राज्याचा, तो माझ्या रोह्याच्या कार्यालयातून. प्रत्येकाचं एकच, आधी दुसऱ्याचं येऊ दे.

त्या हिवाळ्यात त्यांनी आम्हा तिघा अधिकाऱ्यांना कासूला त्यांच्या शेतावर पोपटीला बोलावलं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी. मी शाकाहारी, माझं मडकं लहान आणि वेगळं. त्याला जाळही वेगळा हवा, असं मी म्हटलं.

मॅडम हसल्या. "मडकी वेगळी असूदेत साहेब, जाळ एकच. नायतर तुमच्या शेंगा कच्च्या राहतील. निधीचं तरी काय वेगळं हाय? हिशेब ज्याचा त्याने ठेवा, पेटवा मात्र एका वेळी."

बाकी दोघांनी पेटवलं. चाचण्या झाल्या, जोह्यात शेड उभी राहिली. यंत्र माझ्या सहीवर अडलं होतं. रोह्याचा पैसा पेण तालुक्यात कसा गेला, असं उद्या कुणी विचारलं तर? नियमात मुभा होती, मी वाचली होती. तरी कागद खणात ठेवला आणि मॅडमना सांगितलं, "वरून मंजुरी नाही."

पाऊस लागला. जोह्याच्या प्रमिलाकाकूंनी मॅडमच्या शब्दावर सगळा कारखाना शाडूचा केला होता. मूर्ती तडकत गेल्या. "तुझा शब्द ऐकला नि हात पोळला गो बाय. आता पलास्टरच बरा," काकू म्हणाल्या. मी शेजारीच उभा होतो, कागद अजून माझ्याच खणात होता.

पुढे माझी सही झाली, यंत्र आलं. काकू शाडूकडे वळल्या नाहीत. मॅडमनी मला कधी काही विचारलं नाही. पोपटीचं बोलावणंही कधी चुकवलं नाही.

गेल्या वर्षी त्या गेल्या. यंदा त्यांच्या भावाने, दामूने बोलावलं. पोचलो तर मोठं मडकं अजून भरत होते, माझं लहान मडकं मात्र जाळावर चढलेलं.

"हे आधी का लावलंस?"

"ताई सांगून गेलीय," दामू जाळ सारखा करत म्हणाला. "सायबांचं आधी लावा, त्यांच्याकडं येळ लागतो."

लहान मडकं लवकर शिजतं, हे कासूत कुणालाही ठाऊक आहे.