कुंदाबाईंचा तोंडी निरोप

कुंदाबाईंची माझी ओळख झाली ती धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या आमच्या शाळेत, मी तिसरीत असताना. घरी मी खूप बोलायची, पण शाळेत तोंड उघडलं की पोरं माझ्या बोलीला हसायची, म्हणून तिथे गप्प. बाई घरी कधीच चिठ्ठी पाठवत नसत. काही कळवायचं असलं की निरोप पोरांच्या तोंडी, आणि उत्तरही तोंडीच आणायचं. शुद्ध-अशुद्ध त्या पाहत नसत. "ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत बघ आणि सांग," एवढंच म्हणत. बाजाराच्या दिवशी त्या आम्हाला भाजीवाल्यांशी बोलायला नेत. मी तिथे मोटारसायकलीच पाहत बसे. असो, सांगायचं दुसरंच आहे.

एकदा माझ्याकडे निरोप आला: शनिवारी पालकसभा आहे, बाबांना बोलवायचं. धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, चालू होता. चिखलात वाकलेले बाबा म्हणाले, "काऊन आलीस वो?" शाळेत पोरं बाबांच्याही बोलीला हसतील असं वाटलं, आणि मी न सांगताच परत फिरले. बाईंना खोटंच सांगितलं, "येतो म्हणाले."

शनिवारी सभा संपली, तरी बाबांसाठी ठेवलेली खुर्ची बाईंनी उचलू दिली नाही. मला जवळ घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "निरोप अजून तुझ्यापाशीच आहे ना? जा, सांगून ये. मी थांबते."

मी धावत गेले. अडखळत, रडत, पण बाबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. बाबा चिखलाच्या पायांनीच आले. "मले काय मालूम जी, सभा हाय म्हणून! हे पोरगी आत्ता बोलली."

"मग बसा," बाई म्हणाल्या, "आता तीच बोलेल. शाळेत तुला काय आवडतं गं?"

मी बोलत सुटले. दोघंही मधे बोलले नाहीत. त्या खोट्याचा उल्लेख बाईंनी पुढेही कधी केला नाही.

नववीत मी शाळा सोडली. इटियाडोह धरणाजवळ मासे विकले, आमगावला कपड्यांच्या दुकानात कामाला राहिले. बाईंच्या गौरवाचा हा ग्रंथ छापून होईपर्यंत आणखी कुठे असेन. पण अनोळखी गावात पहिलं वाक्य बोलायला मी घाबरत नाही. ते बाईंनी दिलेलं आहे.

बाई, पंचाहत्तरीनिमित्त हे लिहून दिलं खरं, पण तुम्हाला चिठ्ठी चालत नाही. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मी येऊन, तुमच्या डोळ्यांत बघूनच सांगणार. यंदा, पुढच्या वर्षी, दरवर्षी. मला जरा उशीर होईल. खुर्ची तेवढी उचलू देऊ नका.