अमीनाच्या वहीतला चेंडू

समोरच्या मैदानात पोरं चेंडूमागे धावायला लागली की मला अमीनाची वही आठवते.

केनियातल्या एका खेड्यात मी दोन महिने इंग्रजी आणि फुटबॉल शिकवायला गेले होते. पहिल्या दिवशी फळ्यावर चेंडू काढून इंग्रजी शब्द विचारला. सगळ्यांनी येत नाही म्हणून माना हलवल्या. मी शिकवला आणि खूश झाले.

निघायच्या दिवशी वर्गातल्या अमीनाची वही चाळली. थोड्या थोड्या पानांनी तोच चेंडू, तोच शब्द, वर दर वेळी नव्या टीचरचं नाव.

"येत होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"टीचर, तुम्ही एवढ्या लांबून आलात ना."

मी शिकवायला गेले होते की माझी हौस भागवायला, हे अजून ठरत नाही. पुढच्या पानावर तिने चेंडू आधीच काढून ठेवला होता, वर नावापुरती जागा सोडून.