दोन रात्रींची दुबई

बोईसरच्या स्टँडवरून जाताना मला तो दुबईवाला आजही आठवतो आणि एकटीलाच हसू येतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा महिला हवालदार होते.

खबर स्टँडवरच्या चहाच्या टपरीवाल्याने दिली. एक एजंट कोळीवाड्यातल्या पोरांचे पासपोर्ट गोळा करत होता आणि 'मुरबे गावचा अमका माझ्यामुळेच दुबईला लागला' असा दाखला सगळ्यांना देत होता. टपरीवाला म्हणाला, "बाई, तो अमका तर महिनोन् महिने कारखान्याची पाळी सुटली की माझ्याकडे चहा पितोय."

अमका नेमका 'सुट्टीवर' घरी आलेला. चौकशीला आणला, तर पाठोपाठ बायको हजर, डोक्यावर मासळीची टोपली तशीच. माझ्या नवऱ्याला कशाला छळता म्हणून भांडायला लागली. तिचा सख्खा भाऊ त्याच एजंटमार्फत शुक्रवारी निघणार होता. आईच्या पाटल्या मोडून झाल्या होत्या. एजंटला धरायचा तर या नवऱ्याचा जबाब हवा, आणि हा 'मी दुबईलाच असतो' यावरून तसूभर हलेना. साहेबांनी दम भरला, चहा पाजला. काही नाही.

मग मी सहज विचारलं, विमानाला वेळ किती लागतो रे? आता खरं सांगते, उत्तर मलाही ठाऊक नव्हतं आणि साहेबांनाही. आम्ही विमान पाहिलेलं ते डोक्यावरून जाताना.

"दोन रात्री नि एक दिवस," तो म्हणाला. "मदी दोनदा थांबतं."

आमच्या शिपायाने मान डोलावली. लांबच हाय ते, म्हणे.

बायकोने मात्र टोपली खाली ठेवली.

"मंग माजी पापलेटं?"

मागे एका सुट्टीनंतर तो निघताना तिने ताजी पापलेटं केळीच्या पानात बांधून दिली होती. आणि होळीला आल्यावर यानेच घरभर सांगितलेलं, की दुबईला पोचल्या पोचल्या कालवण केलं, खोलीतल्या सगळ्यांनी बोटं चाटली.

"दोन रात्री, बर्फाबिगर," ती म्हणाली. "मांजर तरी खाईल काय ती? कुटं शिजवलीत, खरं सांगा."

तो खाली बघत म्हणाला, "बोईसरला."

पुढचं भडाभडा आलं. एजंट त्याला विमानतळाबाहेर बसवून पसार झाला होता, पुढे गाठला तर वर 'बोभाटा केलास तर पुढच्या खेपेत नेणार नाही' अशी तंबी. गावाने हार घालून निरोप दिलेला. परत कुठल्या तोंडाने जाणार? मग कारखान्यात लागला, खोली घेतली आणि घरी जाताना मुंबईहून परदेशी साबण नेत राहिला.

बायको रडली नाही. एवढंच म्हणाली, "सही करा. आनि भावाला तुमीच सांगायचं, माज्यासमोर."

त्याने सही केली, भावालाही सांगितलं. शुक्रवारच्या आत एजंट पासपोर्टांसकट कोठडीत आला.

पुढे एक खराखुरा दुबईहून आलेला भेटला. त्याच्याकडून कळलं, मुंबई-दुबई अंतर एकोणीसशे किलोमीटर आणि विमानाला लागतात जेमतेम तीन तास. म्हणजे हा खरा वेळ बोलला असता, तर पापलेटं टिकली असती, बायकोने विश्वास ठेवला असता आणि मेहुणाही त्याच एजंटच्या तावडीत गेला असता!

माणूस लुबाडला गेला तर ओरडतो, पण हार घालून घेऊन लुबाडला गेला तर लुबाडणाऱ्यालाच सांभाळतो. तेव्हापासून फसवणुकीची तक्रार आली की 'किती गेले?' हे मी नंतर विचारायची. आधी विचारायची, "घरी काय सांगितलंस?"