घाट चढलेली बस

मंगळवारी सकाळी माझा नवरा गेला. त्याने बस सुरू केली, खाली उतरला, पायरीवर बसला आणि उठला नाही. इंजिन चालू होतं. मी ते बंद केलं.

ही एका शाळेने मोडीत काढलेली बस. शिरोलीच्या फाउंड्रीतून निवृत्त झाल्यावर त्याने ती विकत घेतली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत उभी करून तिचं घर करायला घेतलं. बाकं काढली, पलंग बसवला, माझ्यासाठी पुस्तकांचं कपाट केलं. वळणावर पुस्तकं अंगावर येऊ नयेत म्हणून कपाटाच्या प्रत्येक खणाला पुढून आडवी पट्टी मारली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. माझीही निवृत्ती झाली की वर्षातले काही महिने दोघांनी बसमध्ये राहायचं, असं ठरलं होतं. तोवर ती नुसती उभी राहून खराब होऊ नये म्हणून तो रोज सकाळी थोडा वेळ चालू ठेवायचा.

इथवर सगळं शहाणपणाचं होतं. मग त्याने बसमध्ये ग्रॅनाइटचा ओटा घातला. आमच्याकडे स्वयंपाकघराची प्रतिष्ठा ओट्याच्या दगडावर ठरते. त्यामुळे चाकांवरच्या स्वयंपाकघरालाही दगड हवाच. पाठोपाठ सागवानी दारं आली, छतावर पाण्याची टाकी आली आणि ती टाकी तोलायला लोखंडी अँगल आले. बघायला येणारे ओट्यावर थाप मारून म्हणत, वजनदार काम झालंय. तेच तर माझं म्हणणं होतं. पत्र्याचा हलका ओटा कर, असं मी एकदा सुचवलं, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाहुण्यांना पत्रावळीवर वरणभात वाढायला निघाले होते.

आमचा पहिला प्रवास कोकणात झाला. राधानगरीवरून फोंडा घाट उतरताना बस छान उतरली. उतरताना कोणाचीही उतरते. परतताना निम्म्या घाटात तिने मान टाकली. मागे गाड्यांची रांग लागली. एक एसटी कशीबशी बाजूने निघाली. तिच्या ड्रायव्हरने खिडकीतून आत डोकावून पलंग बघितला, ओटा बघितला आणि शांतपणे विचारलं, "पावणं, घर बांधून झालं असंल तर रस्ता मोकळा करता का?"

टाकीतलं पाणी सोडून दिलं, इंजिन निवू दिलं आणि पहिल्या गिअरमध्ये आम्ही कसेबसे वर आलो.  त्या दिवसापासून नवऱ्याला एकच ध्यास लागला, बसची ताकद वाढवायची.

सल्ल्यांना तोटा नव्हता. चहाच्या गाड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला इंजिनातलं कळतं, अशी या शहराची समजूत आहे. त्यातला सर्वांत मोठा जाणकार म्हणजे नवऱ्याचा मित्र, कोडोलीचा मिस्त्री. ऊस ओढणारे ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं: पंप वाढवणे. डिझेलच्या पंपाचा एक स्क्रू फिरवला की इंजिनात जास्त डिझेल जातं. हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टरवाले ते करून घेतात, मग दोन ट्रॉल्यांचा ऊस ओढताना पुढची चाकं हवेत उठतात आणि बघणारे शिट्ट्या मारतात. आमच्याकडे ताकद ही अशी दिसावी लागते. ती दिसली नाही तर आहे यावर कोणाचा विश्वास बसत नाही. बसच्या बाबतीत ती दिसणार होती काळ्या धुरातून.

नवऱ्याने या इंजिनाचं जुनं इंग्रजी मॅन्युअल मिळवलं होतं. त्याने त्यातली चित्रं पाहिली, मी मजकूर वाचला. त्यात अवघड काही नव्हतं. डिझेल जळायला हवा लागते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं तर थोडी ताकद मिळते, पण उरलेलं डिझेल धूर होऊन बाहेर पडतं आणि आतली उष्णता वाढत जाते. म्हणून आधी हवेचा फिल्टर बघा, डिझेल फवारणारे नोझल तपासा, गाडीवरचा बोजा कमी करा. मी हे सगळं मराठीत सांगितलं. नवऱ्याने ऐकून घेतलं, फिल्टर बदलला, नोझल तपासून आणले, आणि ओट्याचा विषय निघताच उठून बाहेर गेला. पंपाला मात्र त्याने हात लावू दिला नाही. माझ्या वाचनाचा एवढा मान त्याने राखला. मग तो गेला.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. त्याला काय आवडायचं, काय राहून गेलं, याची उजळणी सुरू झाली. भजी ठेवून झाली, त्याच्या ब्रँडची सिगरेट ठेवून झाली. मुलाबाळांची काळजी म्हणावी तर आम्हाला मूल नव्हतं. शेवटी माझे धाकटे दीर पुढे झाले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दादा, तुझी बस आम्ही फोंडा घाट चढवतो. शब्द हाय माझा. आता शिव बाबा."

कावळा शिवला. भजी त्याने आधी उचलली. पण जमलेल्या लोकांच्या मते तो बससाठी आला होता.

मला बस चालू हवी होती, एवढंच. नवरा गेल्यापासून रोज सकाळी मी ती सुरू करत होते. इंजिन आधी अडखळायचं, मग त्याचा सूर लागायचा, आणि तेवढा वेळ घरामागे कोणीतरी असायचं. बाकी घरात त्याच्या वस्तू होत्या. आवाज करणारी ही एकच होती. पण दिलेला शब्द आता साऱ्या भावकीचा झाला होता. किल्ली दिली नाही तर दादाला मी अडकवून ठेवलं, असं झालं असतं. तोंडावर कोणी म्हणालं नाही. बायका माझ्याकडे बघून पदर नीट करत होत्या, ते पुरेसं होतं.

मी दिरांना म्हटलं, "भावजी, किल्ली घ्या. पण ओटा आणि टाकी काढा. मग पंपाला हात लावावा लागणार नाही."

"वैनी, दादानं बसवलेला ओटा हाय त्यो," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "त्येला हात लावायचा न्हाय."

दगडाला हात लावायचा नाही, इंजिनाला लावायचा. यावर वाद घालायला मी ग्रंथालयात काही शिकले नव्हते.

मिस्त्री आला आणि त्याने स्क्रू फिरवला. बस सुरू केली तर शेजारणीने वाळत घातलेले कपडे काळे झाले. मिस्त्रीने धुराकडे अभिमानाने बघितलं. मी त्याला मॅन्युअलमधलं पान सांगितलं. ट्रॅक्टर शेतातून कारखान्यापर्यंत ऊस ओढतो आणि मग गेटवर तासन्‌तास रांगेत उभा राहतो, तेवढ्यात तो निवतो. घाटात निवायला जागा नाही, असंही म्हणाले. त्याने सगळं ऐकलं. मग मायेने म्हणाला, "वैनी, पुस्तकातलं इंजिन पुस्तकात चालतंय. हितल्या इंजिनाला पाजावं लागतंय."

ठरल्या दिवशी भावकी बसमध्ये चढली. बोजा कमी करावा हे मॅन्युअलने सांगितलं होतं, म्हणून कोणी मागे राहिलं नाही. पाण्याची टाकी काठोकाठ भरली. नवऱ्याचा फोटो हार घालून समोरच्या काचेत बांधला, त्यामुळे दिरांना अर्धा रस्ता दिसत नव्हता. मी दारापाशी बसले. घाट उतरून खाली सगळे जेवले आणि बस परत घाटाला लागली.

चढली. हे मान्य केलं पाहिजे. नवऱ्याच्या हातून जिथे थांबली होती तिथून ती पुढे गेली आणि आत जल्लोष झाला. मागच्या गाड्यांनी काचा वर घेतल्या. कठड्यावरची माकडं खाली दरीत उतरली. तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्यात जाऊन टेकला होता. मी दोनदा थांबा म्हणाले. दिरांनी मान न वळवता सांगितलं, थांबलो तर परत उचलायची न्हाय, दादा बघतोय. इंजिनाचा आवाज बदलला होता. रोज सकाळचा तो आवाज मला पाठ होता. हा कुठल्या तरी दुसऱ्याच यंत्राचा होता, आत कोणी हातोडी मारत असल्यासारखा.

माथ्यावर बस थांबवली. हॉर्न वाजवला, नारळ फोडला, खोबरं वाटलं. तेवढ्यात इंजिन एकदा थरथरलं आणि बंद पडलं. पुन्हा किल्ली फिरवली तर फिरलंच नाही. मिस्त्रीने झाकण उघडलं, वास घेतला, वाकून बघितलं आणि पिस्टन वितळला म्हणाला. कोणाच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. दिरांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"पण वैनी," मिस्त्री म्हणाला, "चढली का न्हाय?"

खोबरं मी खाल्लं. बस एका ट्रकने ओढून घरी आणली. इंजिन खोललं तेव्हा दुरुस्त करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं, म्हणून ते उचलून भंगारात दिलं. दीर अजून लग्नाकार्यात घाटाची गोष्ट सांगतात, आणि ऐकणारे माझ्याकडे वळून म्हणतात, दादाचा आत्मा सुटला बघा.

मी आता निवृत्त झाले आहे. बस घरामागे उभी आहे. तिला इंजिन नाही.