शिरड शहापूरला नेलेलं सुक्या किवीचं पाकीट

आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि हिंगोलीच्या दवाखान्यात तिच्यासोबत राहायला कुणीतरी हवं, असा भगवानदादाचा फोन आला. भगवानदादा म्हणजे माझा आतेभाऊ. फेब्रुवारी संपत आलेला, त्याच्याकडे हळद शिजवायचं काम ऐन भरात, आणि वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. मी चार दिवसांची रजा टाकली.

माहेरच्या माणसाने आत्याकडे हात हलवत जायचं नसतं. पण तिला साखरेचा आजार, पेढे नेऊन कसं चालेल? म्हणून अकोल्याच्या बाजारातून सुक्या किवीचं अर्ध्या किलोचं पाकीट घेतलं. समोरच्या बाजूला ताज्या किवीचं चित्र, आत पोपटी रंगाच्या चमचमणाऱ्या चकत्या. पाहूनच तब्येत सुधारेल असा थाट! मागची बाजू मी पाहिली नाही. गावोगाव फिरून ब्लॉगवर लोकांना शहाणपण शिकवणारी बाई मी, पण पाकीट उलटं करायचं सुचलं नाही.

शनिवारी सकाळी निघाले. अकोला, वाशिम, कनेरगाव नाका, हिंगोली असा एसटीचा रस्ता आहे. थांबत थांबत चार तास धरा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाची बाजू हलकी. कनेरगाव नाक्याला गाडी चहाला थांबली. ढाब्यावरची मिरचीची भजी गरम असतील तरच घ्या. मी चवीसाठी पाकीट फोडलं तर शेजारच्या बाकावरचे दोघं लगेच सरसावले.

“किवी हाय न्हाई का? आमच्या पोरीला डेंगू झाला व्हता तवा हेच चारलं. पेशी वाढल्या,” एक जण म्हणाला.

“अन् सलाईन?” दुसऱ्याने विचारलं.

“सलाईन बी व्हतंच की.”

“मंग पेशी कशानं वाढल्या?”

पहिल्याने चहाचा घोट घेतला आणि भज्यांची बशी पुढ्यात ओढली. मी हसले. पण मनात माझंही तेच चाललं होतं: किवी म्हणजे औषधच. एक चकती खाल्ली, गोड लागली. फळ पिकलेलं असेल, म्हटलं.

हिंगोलीला गाडी बदलून औंढा नागनाथमार्गे वसमतकडे जाणारी एसटी धरली की आत्याचं गाव शिरड शहापूर लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतात हळदीच्या कढयांखाली जाळ पेटलेला आणि शिजलेली हळद वाळत घातलेली. खिडकी उघडी ठेवा, तो वास गाडीत शिरू द्या. पांढरा कुर्ता मात्र घालू नका.

पोचले तेव्हा आत्या वाड्याच्या दाराशी बसली होती. वाडा म्हणजे मेंढरांचा, काट्यांचं कुंपण घातलेला. दिवसभर कोकरं घरी राहतात, आया रानात चरून येतात आणि संध्याकाळी प्रत्येक कोकराला त्याच्या आईला लावायचं काम आत्याचं. मेंढी परक्या कोकराला पाजत नाही, ढुसणी देते. साठ-सत्तर मेंढरांत कुणाचं कोण हे आत्या नुसत्या तोंडावरून ओळखायची. आता ती कोकरू मांडीवर घेऊन त्याचे कान चाचपत होती.

“मागल्या महिन्यात दोन येळा चुकले,” ती म्हणाली. “एक कोकरू रातभर उपाशी राह्यलं. सकाळी पाह्यलं तं मेलेलं. समदं धुरावानी दिसून राह्यलं मले, पिवळंपिवळं.”

या ऑपरेशनसाठी तिने चार महिने साखर आवरली होती. चहा बिनसाखरेचा, भात मोजका, गुळाचा खडासुद्धा नाही. साखर ताब्यात आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आता बुधवार ठरला होता, मंगळवारी शेवटची तपासणी. मी पाकीट तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, “आत्या, हे फळ आहे, वाळवलेलं. तब्येतीला चांगलं.”

तिने चकती डोळ्याजवळ नेली, दूर धरली, शेवटी वास घेतला. “तू आनलं म्हंजी चांगलंच असन,” म्हणाली आणि पाकीट उशाशी ठेवलं.

रविवार वहिनीच्या जागी भाकरी थापण्यात गेला. माझी भाकरी चावताना दादाने जास्तीचं पिठलं मागितलं.

सोमवारी मी औंढ्याला गेले. सकाळी लवकर जा, सोमवारी रांग मोठी असते. देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघायला वेळ ठेवा आणि गाभाऱ्यात उतरताना डोकं सांभाळा, जागा फार अरुंद आहे. आत्या घरीच होती. नागनाथाचा सोमवार ती लग्न झाल्यापासून धरते. परतले तर पाकीट निम्मं झालेलं.

“साबुदाणा डाक्टरनं बंद केला, भगर बी थोडीच म्हनलं,” ती सांगू लागली. “पर फळ उपासाला चालते अन् साखरेलाबी चालते. दिवसभर तेच खाल्लं. देवाचंबी झालं अन् डाक्टरचंबी.”

“छान केलंस,” मी म्हणाले. हे दोन शब्द अजून मला टोचतात.

मंगळवारी सकाळी निघताना तिने आणखी चार चकत्या खाल्ल्या, थोड्या पदराला बांधल्या आणि पाकीट माझ्या पिशवीत टाकलं. हिंगोलीच्या दवाखान्यात सिस्टरने बोटातून रक्त घेतलं, यंत्राकडे पाहिलं आणि पुन्हा दुसऱ्या बोटातून घेतलं. मग डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, पण आवाजात जरब.

“आजी, काल काय खाल्लं?”

“काईच न्हाई, उपास व्हता. फळं खाल्ली.” आत्याने पदराची गाठ सोडून चकत्या पुढे केल्या.

बाईंनी एक चकती दोन बोटांत चोळली आणि माझ्याकडे पाहिलं. “पाकीट आहे?”

होतं, माझ्याच पिशवीत. “मागे घटक लिहिलेत ते वाचा. जे सगळ्यात जास्त असतं ते पहिलं लिहितात,” त्या म्हणाल्या.

मी वाचलं. पहिला शब्द साखर. नंतर किवी. मग आम्ल, रंग आणि टिकवण्यासाठी गंधकाचं काहीतरी.

त्यांनी शांतपणे सांगितलं. हे वाळवलेलं फळ नव्हे, पाकात मुरवून वाळवलेलं फळ. नुसती वाळवलेली किवी वेगळी, ती अशी पोपटी नसते, मळकट हिरवी-तपकिरी असते आणि आंबट लागते. तिच्यात चोथा असतो, पोट साफ व्हायला मदत होते, पोटॅशियम असतं, क जीवनसत्त्व मात्र वाळवताना बरंच जातं. निरोगी माणसाने दोन-चार चकत्या खायला हरकत नाही. पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नको, दम्याच्या माणसाला ते गंधक त्रास देऊ शकतं, आणि कुणाला किवीने ओठ-जीभ खाजायला लागली तर लगेच बंद करायची. “आणि साखरेच्या पेशंटला बिनपाकाचीसुद्धा मोजूनच. फळातलं पाणी गेलं तरी साखर तेवढीच राहते ना?”

“व्हय,” आत्या एकदम म्हणाली. “हळदीवानी. चार-पाच पोती वल्ली वाळवली तं एकच पोतं व्हते. म्या मुठीत पोतंच धरलं व्हतं म्हना की.”

मला इतक्या पुस्तकी गोष्टी माहीत होत्या, पण हे असं कधी कळलं नव्हतं. साखर फार चढली होती, बुधवारचं ऑपरेशन पुढे ढकललं. मी पायऱ्यांवर बसून रडले. कोकरं, चार महिन्यांचा बिनसाखरेचा चहा, सगळं माझ्या एका भेटीने पाण्यात गेलं होतं.

आत्या शेजारी टेकली. “रडून राह्यली काहून? तू काय जहर दिलं का? चाल, गाडी जाईन.”

उरलेलं पाकीट मी तिथेच टाकायला निघाले. तिने हात धरला आणि एक चकती काढून बटव्यात ठेवली. अन्न सगळंच्या सगळं टाकू नये, म्हणाली. दादाला सांगितलं तेव्हा तो रागावेल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, “मलेबी वाचता येते. म्याबी न्हाई वाचलं.”

बुधवारी अकोल्याला परतले. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे स्वयंपाकघरातल्या सगळ्या ‘पौष्टिक’ डब्यांच्या मागच्या बाजू वाचल्या. तीन डबे रिकामे केले. तुम्ही हिंगोलीकडे गेलात तर हळदीच्या दिवसांत जा, औंढ्याला जा. आणि घरात साखरेचं माणूस असेल तर भेट नेताना एक पेरू न्या. क जीवनसत्त्व त्यात भरपूर आहे आणि मागची बाजू वाचावी लागत नाही. तोही एका वेळी एकच.

तीन आठवडे दादाकडून रोज साखरेचा आकडा येत होता. मग एके दिवशी ऑपरेशन झाल्याचा निरोप आला. पट्टी निघाल्यावर पाचव्या दिवशी आत्याचा फोन.

“संध्याकाळी समदी कोकरं लावली,” ती म्हणाली. “एकबी चुकलं न्हाई. तोंडं दिसून राह्यली.”



“अन् आइक. बटव्यातली तुझी ती चकती आज काढून पाह्यली. हिरवी हाय व्हय! मले पिवळी दिसली व्हती.” मग ती हसली. “वर साखरेचे दाणे हायेत की गं, मिठावानी चमकून राह्यले. माह्या डोळ्यात तं मोतीबिंदू व्हता. तुह्या डोळ्यात काय व्हतं?”