शिरीषने विकलेलं कराडचं रीळ

शिरीषने माझे आजोबा विकले.

मला नाही विकले. व्हरमाँटच्या एका बाईला विकले.

आणि आज सकाळी तो गेला. आता भांडायचं कोणाशी?

इथे न्यू जर्सीत, पार्सिपनीतले बरेच जण शिरीषला ओळखतात ते मराठी मंडळाच्या नाटकांचे लाइट्स करणारा म्हणून. पण त्याचा खरा जीव बेसमेंटमध्ये होता. सोळा एमएमच्या जुन्या फिल्म्सची रिळं. पत्र्याच्या डब्यांत, भिंतभर शेल्फांवर.

मीही रिळं जमवते. माझी एका क्लॉझेटमध्ये मावतात. त्याच्या बेसमेंटमध्ये ओल शोषणारा डीह्युमिडिफायर, माझ्या क्लॉझेटमध्ये नवऱ्याचे स्की बूट.

पोटात दुखायला तेवढं पुरेसं होतं.

शनिवारी आम्ही दोघं एस्टेट सेलना जायचो. घरातलं माणूस गेलं की मुलं सगळं सामान विकायला काढतात, तिथे. डबा उघडायचा आणि वास घ्यायचा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला की समजायचं, फिल्म सडायला लागली. चांगली रिळं नेहमी त्याला मिळायची. मला आंबट.

एकदा पेनसिल्व्हेनियातल्या अशाच एका घरी मी कॉफी आणायला म्हणून बाहेर पडले. परत आले तर त्याच्या काखेत एक डबा. वर नुसतं ‘इंडिया’ लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने ते रीळ लावलं. कल्याणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, पोहे केले होते. पडद्यावर नदी, घाट, बाजार. कोणी अमेरिकन इंजिनिअर धरणाच्या कामासाठी तिकडे राहिला असावा. हॅट घातलेली त्याची बायको जवळपास प्रत्येक शॉटमध्ये. कडेवर तान्हं बाळ.

मग एक कापडाचं दुकान आलं. पाटी वाचता आली.

मी उभीच राहिले.

ते आमचं दुकान होतं. कराडचं. आणि कापड मोजायचा गज हातात घेऊन दारात जो माणूस हसत होता, ते माझे आजोबा. माझ्या जन्माआधीच गेलेले. मी त्यांना फक्त हार घातलेल्या फोटोत पाहिलं होतं. ते किंचित लंगडत चालायचे, हे मला न्यू जर्सीतल्या बेसमेंटमध्ये कळलं.

शिरीष नागपूरचा. कराड त्याने जन्मात पाहिलं नव्हतं!

मी तिथेच रीळ मागितलं. तो म्हणाला, स्कॅन करून देतो. दिलंही लगेच. आजोबा माझ्या फोनमध्ये आले.

तुम्हाला वाटेल, मग झालं की.

नाही झालं. त्या दिवशी कराडच्या उन्हात आजोबांवर पडलेला उजेड ज्या फिल्मवर उमटला, ती फिल्म त्याच्याकडे होती. माझ्याकडे व्हिडिओ. दर वर्षी मागायचे, दर वर्षी तो हसत टाळायचा.

मागच्या वर्षी डॉक्टर म्हणाले, आता ट्रीटमेंटचा उपयोग नाही. तेव्हा त्याने कलेक्शन विकायला काढलं. कल्याणीच्या गळ्यात हे सगळं टाकून जायचं नाही म्हणाला. कलेक्टर्सच्या ऑनलाइन ग्रुपवर फोटो टाकायचा, लोक येऊन डबे घेऊन जायचे. मी निवांत होते. कराडचं रीळ माझंच, असं धरून चालले होते.

एका दुपारी चहा पिता पिता त्याने सांगितलं की ते मार्गारेट नावाच्या बाईला द्यायचं ठरलंय.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. कल्याणी उठून आत गेली.

त्याने मला बोलू दिलं. मग म्हणाला, “मेधा, ते कडेवरचं बाळ म्हणजे ती. ग्रुपवरच्या फोटोत आईला ओळखून तिनेच मला लिहिलं. ती चालायला लागायच्या आत तिची आई गेली. तुझे आजोबा त्यात एकदाच दिसतात. तिची आई अख्ख्या रिळात आहे.”

“मग तिला स्कॅन दे.”

“तुला चाललं का स्कॅन?”

नव्हतं चाललं, हे खरं. जळफळाट मात्र होताच.

मार्गारेट एवढ्या लांबून एकटी ड्राइव्ह करत आली. शिरीषचे हात तोवर थरथरायला लागले होते. प्रोजेक्टरमध्ये फिल्म ओवणं त्याला जमेना, म्हणून त्याने मला बोलावलं. त्या रिळाला त्याने आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता. मला लावायला मिळाला, तो ते दुसरीला दाखवण्यासाठी.

ती खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसली. आई चालायला लागली की ही पुढे झुकायची.

दुकान आलं तेव्हा मी तिला सांगितलं, हे माझे आजोबा. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. नाव विचारलं. गोविंद, मी म्हणाले. तिने ते हळूच म्हणून बघितलं आणि मला फिल्म मागे घ्यायला लावली. त्यांना पुन्हा बघू या म्हणाली.

मला तिचा आणखीच राग आला. ती इतकी चांगली निघाली म्हणून.

जाताना तिने डबा शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याला सीटबेल्ट लावला. गाडी वळेपर्यंत मी ड्राइव्हवेत उभी होते.

आत आल्यावर शिरीषला विचारलं, तुला काहीच कसं वाटत नाही रे?

“वाटतं ना,” तो म्हणाला. “सकाळी एकटाच खाली गेलो होतो, शेवटचं बघून घ्यावं म्हणून. हात चालेनात. तू आलीस म्हणून मला बघता आलं.”

मग आम्ही तिघांनी चहा घेतला.

शिरीष, ते रीळ माझ्याकडे असतं, तर मी ते मार्गारेटला दिलं नसतं. खरंच नसतं. तू दिलंस, तेही तुला स्वतःला हवं असताना. तुझ्या सगळ्या डब्यांपेक्षा मला याचाच जास्त हेवा वाटतो, आणि तो काही जायचा नाही.

नीट जा, मित्रा.